कान गळ्यावर, बोटे पेटीवर

शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटीवाल्याला कोणी हार घालीत नाही. गाणाऱ्या मुलीला नारळ मिळतो, नाटकातल्या शिवाजीला पेला मिळतो, पाहुण्यांना शाल मिळते. आणि ज्याने दहा दिवस संध्याकाळी थांबून पोरांचे सूर जमवले, कोणाला काळी एक लागते आणि कोणाला पांढरी चार हे ध्यानात ठेवले, तो पडद्याआड भाता मिटून खिट्टी लावीत असतो. मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, की गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ यंदा पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा पहिल्यांदा तो मिटलेला भाताच आठवला.

युरोपात सुरांच्या पट्ट्यांवर बोटे चालवणारा माणूस मैफलीचा राजा असतो. रंगमंचाच्या मध्यभागी तो आणि त्याचा पियानो, बाकी अंधार. आपण खानदेशी माणसांनी पियानो पाहिला तो बहुतेक सिनेमात. कोट घातलेला नायक दिवाणखान्यात बसून नायिकेला टोमणे मारीत गातो, त्याचे हात एकीकडे जातात आणि सूर भलतीकडे. आणि गाणे संपेपर्यंत एकाही पाहुण्याच्या ते लक्षात येत नाही. पण पट्ट्यांचे वाद्य आपल्याला परके नाही. ते आपल्या दारी पेटीच्या रूपाने आले. जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावच्या भजनी मंडळात टाळ-मृदंगाशेजारी एक पेटी असायचीच. कीर्तनात ती असते, तमाशाच्या फडात असते, शाळेच्या प्रार्थनेला असते. एवढी घरोघर पोचलेली वस्तू, पण ती वाजवण्याच्या कलेचा विचार आपण किती केला? मोठा पट्टीवादक कसा घडतो, कोणाकडे शिकतो, मैफलीत त्याचे काय होते, हे प्रश्न पियानोवाल्यांच्या बाबतीत तिकडे शंभर पुस्तकांतून चर्चिले गेले आहेत. मराठीत ते विचारायचे तर गोविंदरावांपाशीच जावे लागते.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी त्यांना कोणी रीतसर शिकवली नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणे-बजावणे चाले. तिथे ऐकता ऐकता, हाताळता हाताळता त्यांनी ती आत्मसात केली. पुढे भास्करबुवा बखले यांची साथ करण्याचा योग आला आणि बुवांनी त्यांना वाट दाखवली. आणि कोल्हापूर दरबारात अल्लादियाखाँसाहेब होते. खाँसाहेबांचा गंडा गोविंदरावांनी बांधला नव्हता. पण त्यांचे गाणे त्यांनी असे ऐकले की गंडाबंद शिष्यालाही हेवा वाटावा. आपल्याकडे अशा विद्येला आपण एकलव्याचे नाव देऊन मोकळे होतो. मला ते नाव इथे पुरेसे वाटत नाही. एकलव्य धनुर्विद्या शिकला ती धनुर्धराकडून. गोविंदराव वाजवायला शिकले ते गाणाऱ्यांकडून. सारे मर्म या फरकात आहे.

हे काही आपल्याकडचे नवल नव्हे. पियानोच्या इतिहासातला सर्वांत मोठा वादक फ्रान्झ लिस्ट याचेच पाहा. १८११ साली हंगेरीत जन्मलेल्या या मुलाला बापाने व्हिएन्नाला नेले. तिथे चेर्नी नावाच्या शिक्षकाने त्याला शिकवले. हा चेर्नी खुद्द बीथोव्हनचा शिष्य. म्हणजे घराणे उत्तम. पण पुढे पॅरिसच्या नामांकित संगीत विद्यालयात, परदेशी विद्यार्थी म्हणून, त्याला दाराशीच अडवले. मग १८३२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पॅरिसमध्ये पॅगानिनीची मैफल ऐकली आणि त्याला झपाटल्यासारखे झाले. पॅगानिनी व्हायोलिन वाजवीत असे. जे त्याने चार तारांवर केले ते मी पट्ट्यांवर करीन, या ईर्ष्येने लिस्टने दाराला कडी घातली आणि पियानोचे तंत्रच बदलून टाकले. स्वतःच्या वाद्याची सीमा त्याला दुसऱ्याच्या वाद्याने दाखवली. लिस्टला पॅगानिनी तसे गोविंदरावांना अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

पण गोविंदरावांची अडचण लिस्टपेक्षा बिकट होती. पियानोला दोन्ही हात मोकळे. हातपेटीला एक हात भात्यावर अडकलेला. पियानोवाल्यासमोर लिहिलेले कागद, म्हणजे बीथोव्हनने मांडून ठेवलेले भांडार. पेटीवाल्यासमोर गवई, जो पुढच्या क्षणी काय करील हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. आणि सर्वांत मोठी अडचण खुद्द पट्ट्यांची. पेटीतले सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. त्यामुळे कोणतीही पट्टी षड्ज धरता येते आणि बाईच्या आवाजाला व बुवाच्या आवाजाला एकच पेटी पुरते; ही सोय मोठी. पण तिची किंमत द्यावी लागते. तंबोरा नीट मिळवलेला असला की खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप उमटतो. तो षड्जाच्या बरोबर सव्वापट, १.२५. पेटीचा गंधार भरतो जवळजवळ १.२६. फरक केसाएवढा, पण कान तयार असेल तर तो केस डोळ्यात गेल्यासारखा खुपतो. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते तर पट्ट्यांवर अशक्यच. दोन पट्ट्यांच्या मध्ये जी फट असते तिच्यातून आपले निम्मे संगीत गळून पडते.

हे दोष त्या काळातही जाणत्यांना दिसत होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१० नंतरच्या वर्षांत बावीस श्रुतींची पेटी करवण्याचा खटाटोप केला. पट्ट्या वाढल्या, खटपट वाढली, वाद झाले. पेटी काही घरोघर गेली नाही. मला या प्रयत्नाविषयी आदर आहे. पण वाद्य सुधारण्याच्या मागे लागलेल्या विद्वानांपेक्षा आहे त्या वाद्याला फसवायला शिकलेला कलावंत मला अधिक जवळचा वाटतो.

फसवायचे कसे? इथे गोविंदरावांच्या निवडीचे शहाणपण दिसते. त्यांनी कान लावला तो अल्लादियाखाँच्या गायकीकडे. किराण्याची गायकी एकेका सुरावर विसावते, त्याला कुरवाळते. ती पेटीवर उतरवू जाल तर पट्टी नुसती भोंग्यासारखी वाजत राहते. जयपूरची, म्हणजे खाँसाहेबांची गायकी वेगळी. ती लयीच्या अंगाने चालते. तालाच्या आवर्तनात सुरांची वेलबुट्टी विणीत जाते. तान सरळ न धावता गिरक्या घेत समेवर येते. या गायकीचे सौंदर्य सुरांच्या जुळणीत अधिक आहे. ही जुळणी बोटांना पकडता येते. मींड नसेना का. एका सुराला शेजारच्या सुराचा निसटता कण लावून, पट्टी सुटण्याआधी दुसरी दाबून, भात्याची फुंक कमी-जास्त करून आणि योग्य जागी चक्क थांबून कानाला मींडेचा भास देता येतो. भास हा शब्द मी कमीपणाने वापरीत नाही. पियानोचा सूर तर उमटताक्षणी विरू लागतो. तरी मोठे वादक त्याच्यातून गळ्यासारखी अखंड ओळ ऐकवतात. तोही भासच.

भास्करबुवांच्या साथीचा लाभ त्याहूनही मोठा. बुवा बडोद्याच्या फैजमहंमदखाँकडे ग्वाल्हेरची, नत्थनखाँकडे आग्र्याची आणि अल्लादियाखाँकडे जयपूरची तालीम घेऊन आलेले. त्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसणे म्हणजे तीन विद्यालयांत एकाच वेळी नाव घालणे. साथीदाराची शिकवणी मोठी विलक्षण असते. गवई आलाप करतो, साथीदार त्याच्या अर्ध्या पावलावर मागून येतो. गवई थांबला की शेवटचा तुकडा हलकेच उचलून धरतो. म्हणजे दर चार मिनिटांनी परीक्षा, आणि तीही हजार माणसांसमोर. कोणत्याही वर्गात एवढ्या परीक्षा घेण्याची आमची मास्तरांची छाती नाही.

आता या हकीगतीत जळगाव कसे येते ते सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा लहानपणी जळगावला नातेवाइकांकडे राहत होता आणि गाण्याचे पहिले धडे त्याने इथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. तोच पुढे बालगंधर्व झाला. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. १९११ मध्ये त्या मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ बसवायला घेतले आणि चाली देण्यासाठी गोविंदरावांना बोलावले. तोवर नाटकातल्या पदांच्या चाली बहुधा नाटककारच बसवून टाकी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी आणि देवलांनी तेच केले होते. चाली देणारा स्वतंत्र माणूस म्हणून मराठी रंगभूमीवर उभा राहिलेला पहिला गृहस्थ हा एक पेटीवाला होता, याची नोंद आपण नीटशी घेतलेली नाही.

१२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यातल्या चाली लोकांना नव्या वाटल्या याचे कारण त्या खरोखरच नव्या होत्या. नाटकात तोवर साकी-दिंडी, लावणीची वळणे आणि कानडी ढंगाच्या चाली पुष्कळ होत्या. गोविंदरावांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्यांचे लडिवाळ वळण आणले आणि त्याला ख्यालाच्या रागदारीची शिस्त दिली. साथीला बसून बसून कानांत साठवलेला सारा ऐवज त्यांनी इथे खर्चला. आणि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीवर जे करता येत नव्हते, ती मींड, तो दोन सुरांमधला प्रवास, ते त्यांनी गळ्यावर सोपवले. कोल्हापूरच्या बोटांना जे बोलता येत नव्हते ते जळगावात पहिला ‘सा’ लावलेल्या गळ्याने बोलून दाखवले. मला तर वाटते, गोविंदरावांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मैफल ‘मानापमान’ हीच. फरक इतकाच की त्या मैफलीत ते वाजवीत नव्हते.

आणि तिथेही हार गळ्याला गेला. ती पदे आजही ‘बालगंधर्वांची पदे’ म्हणूनच ओळखली जातात.

यानंतरचा गोविंदरावांचा प्रवास वाचताना माझ्यातला मास्तर अस्वस्थ होतो. पेटीवाला नायक झाला. ‘मानापमाना’तला धैर्यधर म्हणून बालगंधर्वांसमोर उभा राहिला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि ते, अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१५ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले आणि पुढे शिवराज नाटक मंडळी काढून बसले. नाटक कंपनी चालवणे म्हणजे काय, हे ज्यांनी साधे गावचे नाट्यमंडळ चालवले आहे त्यांनी जाणावे; मोठमोठ्या कंपन्या कर्जात गेल्या. मग बोलपट आला. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त, १९३२ साली, दुर्गाबाई खोटे यांच्या तारामतीसमोर गोविंदराव हरिश्चंद्र होते आणि संगीतही त्यांचेच होते. त्यांनी नाटके लिहिली, ‘माझा जीवनविहार’ लिहिले, अल्लादियाखाँचे चरित्र लिहिले. एक माणूस किती ठिकाणी असावा! वर्गात असा मुलगा असला की आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार, पण चंचल’ असे लिहितो.

लिस्टनेही पस्तिसाव्या वर्षी, १८४७ मध्ये, पैसे घेऊन मैफली करणे सोडले आणि तो रचनेकडे वळला, हे मला ठाऊक आहे. पण लिस्टने जे वाजवले ते लिहून ठेवले. वायमारला त्याच्या घरी देशोदेशींची मुले येत आणि त्याच्यासमोर बसून वाजवीत. आज कोणीही ती पाने उघडून त्या बोटांचा माग काढू शकतो. गोविंदरावांचा हात कुठे शोधायचा? ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मावते ते जेमतेम तीन मिनिटांचे. त्यात राग उंबरठ्यावर येतो न येतो तोच सुई घसरते. ज्या हाताने एवढी गायकी वेचली त्या हाताचे स्वतःचे असे फार थोडे उरले. हा खेद लपवून नुसते गौरवाचे शब्द लिहावेत असे मला वाटत नाही.

‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली प्रसिद्ध झाले. त्यातही हीच खोड, किंवा हाच गुण. नाव ‘माझा’, पण पानोपानी दुसरेच: हे बुवा, ते खाँसाहेब. कोणाचा आवाज कसा लागे, कोणाची तबियत कशी होती, हे सारे रंगवून सांगणारा लेखक स्वतः मात्र पेटी घेऊन बाजूला बसलेला. त्यांनी रियाज कसा केला, कोणत्या चुका मोडायला किती दिवस लागले, हे मला हवे होते तितके मिळाले नाही. पहिल्या वाचनात मी यावर चिडलो होतो. या खेपेस वाटले, की साथीदाराने आत्मचरित्र लिहिले तर ते असेच होणार. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या गळ्याकडे पाहत बसलेल्या माणसाची मान लेखणी हाती घेतली म्हणून वळत नाही. ऐकणे हीच ज्याची तालीम, त्याने ऐकल्याचीच गोष्ट सांगितली. मराठीत संगीतावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण गाणे चालू असताना गवयापासून दोन हातांवर बसून लिहिल्यासारखे पुस्तक हेच.

आणि ते छापले गेल्यानंतर काही महिन्यांतच, १ मार्च १९४० पासून, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. त्या वेळी लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे प्रमुख होते. त्यांच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच जोरदार लिहिले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटीचा तिटकारा होता आणि बंदीला त्यांनी पाठिंबा दिला. या मंडळींचे म्हणणे खोटे नव्हते; बारा पट्ट्यांचा दोष वर मीच सांगितला आहे. पण दोष वाद्यात आहे म्हणून वादकाला दाराबाहेर उभे करणे, हा न्याय मला कळत नाही. पियानोच्या पट्ट्याही अशाच बारा भागांत कापलेल्या असतात, तिथे कोणी कडी लावली नव्हती. स्वातंत्र्य आले, राज्यकर्ते बदलले, पेटी मात्र बाहेरच राहिली. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ रोजी वारले, तोवर बंदी कायम होती. साथीपुरती ती सैल झाली १९७० च्या सुमारानंतर, आणि पेटीच्या स्वतंत्र वादनाला तर त्यानंतरही फार वर्षे वाट पाहावी लागली.

तरी पेटी मेली नाही. पी. मधुकर यांनी तिला एकटीने बोलायला लावले. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. नागपूरकडच्या मनोहर चिमोटे यांनी तिच्यात फेरबदल करून तिला ‘संवादिनी’ असे गोड नाव दिले. आप्पा जळगावकर यांचे नाव ऐकले की आपल्याकडच्या मंडळींची छाती उगाच फुगते. ते जळगाव आपले नव्हे, मराठवाड्यातले, जालन्याकडचे. पण भीमसेनांच्या मागे आप्पांची पेटी ज्यांनी ऐकली असेल त्यांना गावाचा तंटा सुचणार नाही. एक गोष्ट मात्र या सर्वांत सारखी. यांतला कोणीही पेटीकडे पाहून मोठा झाला नाही. जो तो कोणत्या तरी गळ्यामागे हिंडला.

आमच्या शाळेतल्या पेटीच्या सरांना एका मुलाने विचारले होते, “सर, पेटी येण्यासाठी रोज किती तास वाजवू?” सर म्हणाले, “आधी दोन वर्षे आमच्या गावच्या भजनात मागे बस. टाळसुद्धा घेऊ नकोस.” मुलगा काही पुन्हा आला नाही. सरांचे चुकले, असे मी तेव्हा म्हणालो होतो. मुलाला पहिल्या दिवशी निदान सा-रे-ग-म वाजवू द्यायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. पण दोन वर्षांचा हिशेब मी आता कमी करणार नाही.

जळगावात जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. गवयाच्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्या उजवीकडे, बहुधा पेटीवाला बसतो. ‘व्यासंग’ पुन्हा वाचल्यापासून मी ठरवले आहे की येत्या खेपेस उजवीकडची खुर्ची धरायची. गवयाने आलाप सोडला की त्या माणसाची बोटे काय उचलतात आणि काय मुद्दाम सोडून देतात, एवढेच पाहायचे आहे.